टाचेविना मांड : लिस हार्टेल यांची जीवनकथा

हेलसिंकी म्हटले की मराठी वाचकाला पहिल्यांदा खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ च्या जुलै महिन्यात फिनलंडच्या राजधानीत उतरला आणि फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन परतला. त्याच ऑलिम्पिकमध्ये, खाशाबांच्या कुस्तीनंतर अवघ्या काही दिवसांनी, घोडेस्वारीच्या मैदानावर आणखी एक घटना घडली. डेन्मार्कच्या एका ३१ वर्षांच्या स्त्रीने पुरुष स्पर्धकांशी बरोबरीने झुंज देऊन रौप्यपदक मिळवले. पदक स्वीकारण्याची वेळ आली तेव्हा तिला विजेत्यांच्या चौथऱ्यावर स्वतःच्या पायांनी चढता येईना. सुवर्णपदक विजेते स्वीडनचे हेन्री सेंट सिर पुढे झाले आणि त्यांनी तिला आधार देऊन वर चढवले.

त्या स्त्रीचे नाव लिस हार्टेल. त्यांचे पाय गुडघ्याखाली पोलिओने कायमचे लुळे झाले होते. घोड्यावर चढताना आणि उतरताना त्यांना दुसऱ्याचा हात लागे. मात्र एकदा खोगिरावर बसल्या की त्यांच्या हालचालीत उणीव शोधणे परीक्षकांनाही कठीण जाई. आज जगातील अनेक देशांत दिव्यांग मुलांना उपचार म्हणून घोड्यावर बसवले जाते. त्या उपचारपद्धतीला विसाव्या शतकात जी ओळख मिळाली, तिच्या मुळाशी हेलसिंकीतील हे पदक आहे.

हेलरुपची स्वार

लिस यांचा जन्म १४ मार्च १९२१ रोजी कोपनहेगनलगतच्या हेलरुप येथे झाला. माहेरचे आडनाव होल्स्ट. घोड्यांची ओढ त्यांना लहानपणापासूनची. डेन्मार्कमध्ये घोडा हा त्या काळी शेताचा, सैन्याचा आणि हौशी स्वारांचाही सोबती होता. लिस यांचा कल वळला तो ड्रेसाज या प्रकाराकडे.

ड्रेसाजमध्ये शर्यतीचा वेग नसतो, अडथळ्यांवरच्या उड्याही नसतात. आयताकृती मैदानात घोड्याकडून ठरावीक चाली करवून घ्यायच्या असतात. साधे कदम, दुडकी, चौखूर, जागच्या जागी लयीत पावले टाकणे, तिरके सरकणे, एका बिंदूभोवती वळणे अशा क्रमाने ही परीक्षा चालते आणि प्रत्येक हालचालीला परीक्षक गुण देतात. घोडा आपल्या मर्जीनेच हे सारे करतो आहे असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. स्वाराचा इशारा दिसता कामा नये. हा इशारा तीन वाटांनी जातो. हातातील लगाम ही एक, खोगिरावर पेललेला शरीराचा भार ही दुसरी आणि घोड्याच्या कुशीला लागणारी पोटरी व टाच ही तिसरी. यांतील तिसरी वाट स्वाराची मुख्य भाषा मानली जाते. पुढे चल, बाजूला सर, चाल बदल हे घोड्याला बहुतांशी टाचेने सांगितले जाते. लिस यांच्या आयुष्यात पुढे जे घडले त्याचे मोल कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

१९४१ मध्ये त्यांचा विवाह फिन हार्टेल यांच्याशी झाला. त्या वर्षी डेन्मार्क जर्मनीच्या लष्करी अंमलाखाली होता. युद्धाच्या सावटातही देशांतर्गत स्पर्धा चालू होत्या आणि १९४३ व १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे लिस ड्रेसाजच्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. वय २३, पदरी एक लहान मुलगी, दुसऱ्या बाळाची चाहूल आणि खेळात चढती कमान, असे ते दिवस होते.

सप्टेंबर १९४४

सप्टेंबर १९४४ मध्ये लिस यांना पोलिओने गाठले. त्या काळी या रोगावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. पोलिओचा विषाणू बहुसंख्य लोकांच्या शरीरातून फारसा त्रास न देता निघून जातो. थोड्या लोकांत मात्र तो मज्जारज्जूतील, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशींवर घाला घालतो. त्या पेशी मेल्या की स्नायू जागेवर असूनही निकामी होतो. स्पर्शाची जाणीव बहुधा शाबूत राहते; हरपते ती हालचाल. लिस यांच्या बाबतीत हा घाला मोठा होता. पाय, मांड्या, हात, दंड या सर्वांवर परिणाम झाला. पोटात बाळ होते. त्याचे काय होईल, ही धास्ती निराळी.

१९४५ मध्ये त्यांनी निरोगी मुलीला जन्म दिला. आईची मात्र स्वतःच्या शरीराशी नव्याने ओळख सुरू झाली होती. पुन्हा घोड्यावर बसण्याची आशा बाळगावी असे कोणी त्यांना सांगितले नव्हते. कुबड्यांच्या आधाराने चालता आले तरी पुष्कळ झाले, असाच वैद्यकीय अंदाज होता. लिस यांनी तो अंदाज मानला नाही, आणि एकदम मोठे स्वप्नही समोर ठेवले नाही. त्यांनी एकेक स्नायू हाती घेतला. आधी दंड उचलणे जमले. मग मांडीच्या स्नायूंत थोडी शक्ती परतली. त्यानंतर लहान मुलासारखे रांगणे आले. एकीकडे पाळण्यातले बाळ वाढत होते आणि दुसरीकडे आई रांगायला शिकत होती. आजारपणानंतर सुमारे आठ महिन्यांनी त्या कुबड्या घेऊन उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या. दरम्यान मे १९४५ मध्ये डेन्मार्क मुक्त झाला होता.

त्यांच्या सुधारणेला येथे मर्यादा पडली. गुडघ्याखालचे पाय परत आले नाहीत. पुढेही कधी आले नाहीत. लिस हार्टेल यांची कथा सांगताना अनेकदा घोड्याने त्यांना बरे केले असे म्हटले जाते. ते खरे नाही. त्या बऱ्या झाल्या नाहीत. उरलेल्या शरीरानिशी घोड्यावर कसे बसायचे, हे त्या शिकल्या.

ज्युबिलीशी नवी भाषा

पुन्हा खोगिरावर बसण्याचा निर्णय घरच्यांना धाडसाचा वाटला असेल तर नवल नाही. ज्या पायांनी घोड्याच्या कुशीला धरून ठेवायचे, तेच पाय शक्तिहीन होते. त्यांना दुसऱ्यांनी उचलून घोड्यावर बसवावे लागे. तोल जाई आणि त्या पडत. पुन्हा बसवावे लागे, पुन्हा पडत. मांडीच्या स्नायूंवरचा ताण इतका असे की सुरुवातीच्या प्रयत्नांनंतर दीर्घ विश्रांती घ्यावी लागे. मांड म्हणजे स्वाराची घोड्यावरील पकड. ती पोटरीने धरायची नसेल तर कशाने धरायची, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

हे उत्तर ज्युबिली या घोडीच्या पाठीवर सापडले. टाचेची भाषा बंद झाली होती. तेव्हा लिस यांनी पाठ, कंबर आणि शरीराचा भार यांची भाषा विकसित केली. खोगिरावरचा भार किंचित डावीकडे झुकला की एक अर्थ, पाठ ताठ झाली की दुसरा, कंबर सैल सोडली की तिसरा. नव्या भाषेला दोन बाजू लागतात. स्वाराने बोलावे आणि घोड्याला ते उमगावे, तेव्हाच ती भाषा होते. ज्युबिलीने हे सूक्ष्म संकेत आत्मसात केले. डेन्मार्कचे नामवंत प्रशिक्षक गुन्नर अँडरसन यांचे मार्गदर्शन या जोडीला लाभले. पोटरीच्या एका दाबाने जे काम होते, त्यासाठी या दोघींनी अनेक महिन्यांची मेहनत वेचली.

हळूहळू एक अनपेक्षित लाभ दिसू लागला. ड्रेसाजचा आदर्शच मुळी असा की स्वाराचा इशारा दिसू नये. लिस यांना टाचेने ठळक इशारा करणे शक्यच नव्हते. त्यामुळे जी शांत आणि स्थिर बैठक इतर स्वारांना वर्षानुवर्षांच्या सरावाने साधावी लागे, ती त्यांच्या बाबतीत गरजेतून आली. म्हणून त्यांचे व्यंग हेच त्यांचे बळ झाले असे म्हणणे मात्र सोपेपणाचे होईल. दुर्बल स्नायूंनी तोल सांभाळण्याचे कष्ट रोजचे होते आणि पडण्याची भीती इतर कोणत्याही स्वारापेक्षा अधिक होती.

१९४७ मध्ये, आजारपणानंतर तीन वर्षांच्या आत, लिस यांनी स्कँडिनेव्हियातील महिला स्वारांच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला.

नियमांचे कुंपण

पुढची पायरी ऑलिम्पिकची होती. पण तेथे शरीरापेक्षा मोठा अडथळा नियमांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत ड्रेसाजमध्ये केवळ लष्करी अधिकाऱ्यांना भाग घेता येत असे. स्त्रियांना तर प्रवेश नव्हताच. पण सैन्यातील अधिकारी नसलेल्या पुरुषांनाही नव्हता. या नियमाचा विचित्रपणा लंडनमध्येच उघडा पडला. स्वीडनच्या सुवर्णविजेत्या संघातील गेनाल पेर्सन हे स्वार प्रत्यक्षात अधिकारी पदावर नव्हते. स्पर्धेपुरती त्यांना बढती देण्यात आली होती. हे उघडकीस आल्यावर पुढच्या वर्षी स्वीडनच्या संघाचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. घोडा तोच, स्वार तोच, कौशल्यही तेच. खांद्यावरची फीत तेवढी कमी पडली.

या प्रकरणानंतर नियम बदलले. १९५२ पासून ड्रेसाज सर्वांसाठी खुले झाले. नागरिक, शिपाई आणि स्त्रिया यांनाही पुरुष अधिकाऱ्यांच्या बरोबरीने एकाच स्पर्धेत उतरता येऊ लागले. लिस यांनी कितीही सराव केला असता तरी हे दार आतून उघडले गेले नसते तर त्या हेलसिंकीला पोहोचल्या नसत्या. जिद्दीच्या कथा सांगताना ही बाजू सहसा विसरली जाते. पेर्सन यांनाही या बदलाने न्याय मिळाला. हेलसिंकीत ते स्वीडनच्या सुवर्णविजेत्या संघात उजळ माथ्याने उतरले.

अर्ध्या गुणाचे अंतर

हेलसिंकीच्या ड्रेसाज स्पर्धेत चार स्त्रिया उतरल्या. डेन्मार्कच्या लिस हार्टेल, पश्चिम जर्मनीच्या इडा फॉन नागेल, नॉर्वेच्या एल्से क्रिस्टोफरसन आणि अमेरिकेच्या मार्जोरी हेन्स. समोर युरोपातील घोडदळांच्या परंपरेत मुरलेले अधिकारी होते. ज्युबिली मैदानात आली. शांत आणि लयबद्ध अशी परीक्षा पूर्ण झाली. गुण जाहीर झाले तेव्हा सेंट सिर ५६१ गुणांसह पहिले होते. दुसऱ्या क्रमांकावर ५४१.५ गुणांसह लिस हार्टेल आणि तिसऱ्यावर ५४१ गुणांसह फ्रान्सचे आंद्रे जुसोम. रौप्य आणि कांस्य यांत अंतर होते अर्ध्या गुणाचे.

ऑलिम्पिक घोडेस्वारीत पुरुषांशी थेट स्पर्धा करून वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यानंतर तो चौथऱ्याचा प्रसंग घडला. सेंट सिर हे स्वतः लष्करी अधिकारी. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्या वर्गाची या खेळावर मक्तेदारी होती त्या वर्गाचे प्रतिनिधी. त्यांनी पुढे केलेला हात ऑलिम्पिकच्या इतिहासातील हृद्य क्षणांत गणला जातो.

याच उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये काय चालले होते हे पाहिले की या पदकाचा अर्थ आणखी गडद होतो. जुलै १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ सुरू झाली. शहरातील ब्लेगडॅम रुग्णालयात डिसेंबरपर्यंत सुमारे २,७०० रुग्ण दाखल झाले. त्यांतील तीनशेहून अधिक जणांचा श्वास किंवा गिळण्याची क्रिया बंद पडण्याच्या मार्गावर होती. श्वासोच्छ्वासाची यंत्रे बोटांवर मोजण्याइतकीच होती. ऑगस्टअखेरीस ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हाताने रबरी पिशवी दाबत श्वास देण्याची पद्धत एका मुलीवर वापरली आणि ती वाचली. त्यानंतर वैद्यकीय शाखेचे शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना या प्रयोगातून आकाराला आली.

ज्या आठवड्यांत डॅनिश आईबाप आपल्या मुलांना तापाच्या भीतीने घरात कोंडून ठेवत होते, त्याच आठवड्यांत पोलिओने पाय गमावलेली एक डॅनिश आई हेलसिंकीहून पदक घेऊन परतली. साथीतून जी मुले वाचली, त्यांतील अनेकांना पुढचे आयुष्य कुबड्यांवर किंवा चाकांच्या खुर्चीवर काढायचे होते. त्यांच्यासाठी त्या पदकाला खेळापलीकडचा अर्थ होता.

स्टॉकहोम आणि नंतर

१९५६ चे ऑलिम्पिक मेलबर्नला होते. परंतु ऑस्ट्रेलियातील पशूंच्या विलगीकरणाचे नियम अत्यंत कडक असल्याने घोडेस्वारीच्या स्पर्धा त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला घेण्यात आल्या. लिस आणि ज्युबिली पुन्हा मैदानात उतरल्या. पुन्हा सेंट सिर पहिले आणि लिस दुसऱ्या आल्या. तिसरा क्रमांक पश्चिम जर्मनीच्या लिझेलॉट लिन्सेनहॉफ यांचा होता. चार वर्षांपूर्वी जेथे एक स्त्री पदकावर होती, तेथे आता दोन होत्या. परीक्षकांनी आपापल्या देशाच्या स्वारांना झुकते माप दिल्याची टीका त्या स्पर्धेवर झाली, तरी लिस यांच्या सलग दुसऱ्या रौप्यपदकाचे मोल त्याने कमी झाले नाही. याच लिन्सेनहॉफ १९७२ मध्ये म्युनिकला ऑलिम्पिक घोडेस्वारीतील वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

देशांतर्गत स्पर्धांतही लिस यांची पकड ढळली नाही. आजारापूर्वीची दोन धरून त्यांनी डेन्मार्कचे राष्ट्रीय विजेतेपद एकूण सात वेळा मिळवले. शेवटचे १९५९ मध्ये.

खेळाची झळाळी ओसरल्यानंतर अनेक खेळाडू विस्मृतीत जातात. लिस यांनी मात्र आपल्या नावाचा उपयोग वेगळ्या कामासाठी केला. त्यांनी घोडेस्वारीची प्रात्यक्षिके दिली, पोलिओग्रस्तांसाठी निधी उभारला आणि शारीरिक व्यंग असलेल्यांना घोड्यावर बसू द्यावे यासाठी पाठपुरावा केला. दिव्यांगांसाठीच्या उपचारात्मक घोडेस्वारीचे युरोपातील अगदी सुरुवातीचे केंद्र उभे राहण्यात त्यांचा आणि त्यांच्या भौतिकोपचारतज्ज्ञाचा वाटा होता. १९५० च्या दशकात डेन्मार्कमधील उला हारपॉथ आणि नॉर्वेतील एल्सेबेट बोटकर या फिजिओथेरपिस्टनी मुलांच्या उपचारात घोड्यांचा वापर सुरू केला. तेथून ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या घोडेस्वारीची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतही तशी संघटना उभी राहिली. नेदरलँड्समध्ये लिस हार्टेल यांच्या नावानेच संस्था निघाली.

घोडा काय करतो?

घोड्यावर बसवल्याने मुलाला काय लाभ होतो, या प्रश्नाचे उत्तर घोड्याच्या चालीत आहे. घोडा शांतपणे चालतो तेव्हा त्याची पाठ वर-खाली, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे अशी एकाच वेळी हलते. माणूस दोन पायांवर चालतो तेव्हा त्याची कंबरही साधारण अशीच हलते. ज्या मुलाने स्वतःच्या पायांनी कधी पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कमरेला आणि पाठीच्या कण्याला घोड्याच्या पाठीवर प्रथमच चालण्याची लय मिळते. घोडा मिनिटाला सुमारे शंभर पावले टाकतो. म्हणजे तेवढ्याच वेळा मुलाच्या शरीराला तोल सावरावा लागतो. कोणत्याही व्यायामशाळेत लहान मुलाकडून एवढी आवर्तने हसतखेळत करून घेणे अवघड आहे. घोड्याच्या अंगाची ऊब माणसापेक्षा किंचित अधिक असते. त्या उबेने आणि लयबद्ध हालचालीने आखडलेले स्नायू सैल होण्यास मदत होते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत बसण्याचा तोल आणि धडावरील ताबा सुधारल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

या कामाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. पहिल्याला हिप्पोथेरपी म्हणतात. त्यात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ घोड्याच्या चालीचा उपचाराचे साधन म्हणून वापर करतो. मुलाने स्वारी शिकावी हा तेथे हेतू नसतो. दुसरा प्रकार उपचारात्मक घोडेस्वारीचा. त्यात प्रशिक्षित शिक्षक मुलाला त्याच्या क्षमतेनुसार स्वारी शिकवतो. लगाम धरणे, घोड्याला थांबवणे, त्याला खरारा करणे, त्याच्याशी बोलणे हे सारे त्यात येते. स्वमग्न मुलांना किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना या दुसऱ्या प्रकाराचा उपयोग होताना दिसतो. एरवी सतत दुसऱ्याने हलवावे लागणारे मूल जेव्हा चारशे-पाचशे किलो वजनाच्या प्राण्याला आपल्या इशाऱ्यावर थांबवते, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल याची कल्पना पालकांना सहज करता येईल.

यासाठी लागते ती माणसांची साखळी. लगाम धरून चालणारा एक मोतद्दार, मुलाच्या दोन्ही बाजूंनी चालणारे दोघे आणि सूचना देणारा तज्ज्ञ. मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण हवेच. घोडा शांत, वयाने पोक्त, आवाजांना व अचानक हालचालींना न बुजणारा हवा. त्याचीही निवड आणि शिकवण काळजीपूर्वक व्हावी लागते. त्याला पुरेशी विश्रांती, चारा आणि पशुवैद्याची देखरेख हवी. दमलेला किंवा दुखावलेला घोडा उपचार करू शकत नाही.

प्रत्येक मुलाला हा उपचार मानवत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या मणक्यांचा सांधा अस्थिर असतो. अशांना घोड्यावर बसवणे धोक्याचे ठरू शकते. आटोक्यात न आलेली अपस्मारी झटक्यांची व्याधी, निखळलेला खुबा, पाठीच्या कण्याचा गंभीर दोष, घोड्याची ॲलर्जी अशा स्थितींत डॉक्टरांनी आधी निर्णय द्यायला हवा. घोडेस्वारी हा नियमित फिजिओथेरपीचा पर्याय नाही. ती तिला दिलेली जोड आहे. चार फेऱ्यांत मूल चालू लागेल असे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहिलेले बरे. लिस हार्टेल यांच्या आयुष्यानेही असे कोणते वचन दिलेले नाही.

आपल्या वाटेचा वारसा

भारतातील पोलिओचा इतिहास आपल्याकडच्या कित्येक घरांना जवळचा आहे. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. जानेवारी २०११ मध्ये देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यापूर्वीच्या पिढ्यांतील पोलिओग्रस्त आज प्रौढ आहेत. गावोगावी, कचेऱ्यांत, शाळांत, दुकानांत ते आपल्यासोबत काम करतात. त्यांच्या बालपणी खेळाचे मैदान हे त्यांचे नव्हेच, असा समज रूढ होता. शाळेच्या कवायतीच्या तासाला ते वर्गात बसत किंवा इतरांच्या चपला सांभाळत. पोलिओ गेला, पण तो समज पुरता गेलेला नाही. आज त्या कोपऱ्यात सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेले मूल बसलेले दिसते.

ज्या मुलुखात घोड्याच्या टापांनी इतिहास घडला, ज्या भाषेत मांड ठोकणे हा शब्दप्रयोग निर्धाराशी जोडला गेला, तेथे घोडा आज बहुधा लग्नाच्या वरातीत, पर्यटनस्थळी किंवा शर्यतीच्या मैदानावर दिसतो. भारतातील काही शहरांत उपचारात्मक घोडेस्वारीची केंद्रे चालतात, पण गरजेच्या मानाने ती फार थोडी आहेत. घोडा सांभाळण्याचा खर्च मोठा आहे, प्रशिक्षित माणसे कमी आहेत आणि पालकांना या उपचाराची माहितीही बेताची आहे. जेथे असे केंद्र असेल तेथे मुलाला नेण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी पडताळाव्यात. तेथे पात्र थेरपिस्ट आहे का, मुलाची वैद्यकीय तपासणी मागितली जाते का, शिरस्त्राण आणि बाजूने चालणारी माणसे आहेत का, घोड्याची अवस्था कशी आहे. ही उत्तरे समाधानकारक नसतील तर थांबणे शहाणपणाचे.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात डेन्मार्कने लिस हार्टेल यांचा यथोचित गौरव केला. १९९२ मध्ये देशाच्या क्रीडा सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. २००५ मध्ये डेन्मार्कच्या सर्वकालीन दहा श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची निवड झाली. त्यापूर्वी, १९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्ये दिव्यांग स्वारांच्या ड्रेसाज स्पर्धेला स्थान मिळाले होते. आपल्या तरुणपणी जी स्पर्धा अस्तित्वातच नव्हती, ती लिस यांना हयातीत पाहायला मिळाली. १२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना एकट्या जिद्दीच्या नावे सारे जमा करण्याचा मोह होतो. जिद्द होतीच. पण त्यांना उचलून घोड्यावर बसवणारे हात होते, धीर न सोडणारे कुटुंब होते, मार्गदर्शक होता आणि टाचेविना दिलेला इशारा ओळखणारी ज्युबिली होती. बदललेला नियम होता आणि चौथऱ्यावर पुढे आलेला प्रतिस्पर्ध्याचा हातही होता. यांतील एकही दुवा निखळला असता तर ते रौप्यपदक डेन्मार्कला मिळाले नसते. आपल्या परिसरातील एखादे मूल घोड्याच्या पाठीवर ताठ बसावे अशी इच्छा असेल, तर अशीच साखळी उभारावी लागेल. त्या साखळीतील बहुतेक कड्या तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य माणसांच्या आहेत.